जोडकाम

अपघात विभागातली नोकरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी प्रत्येकाला वेगळं कारण सांगितलं. वरिष्ठांना सांगितलं, कंबर साथ देत नाही. सासूबाईंना सांगितलं, आता वेळेवर जेवेन. सासूबाईंचा त्यावर काडीचाही विश्वास बसला नाही, कारण आपली सून खुर्चीवर बसून जेवताना त्यांनी लग्नानंतरचे जेमतेम आठ दिवस पाहिली होती. खरं कारण फक्त नवऱ्याला ठाऊक होतं, आणि ते ऐकून तो हसला नव्हता.

"मला पुढचं काही कळतच नाही," त्या म्हणाल्या होत्या. "माणूस बेशुद्ध येतो, मी शिवते, तो वरच्या मजल्यावर जातो. तो चालायला लागला का, घरी गेला का, त्याचं नाव काय होतं, काही नाही. बावीस वर्षं मी गोष्टीचा मधलाच तुकडा बघतेय."

नवरा शाळेत भूमिती शिकवायचा. सगळं गाव त्याला मास्तर म्हणायचं आणि घरातही तेच नाव पडलं होतं. मास्तरांनी विचारलं, "मग आता काय करणार?"

मग बाईंनी जे सांगितलं त्यावर न हसणं मास्तरांना जरा जड गेलं. त्यांना नसबंदी झालेल्या पुरुषांच्या कापलेल्या नळ्या पुन्हा जोडायच्या होत्या. वयाच्या पन्नाशीत, दुसऱ्या शहरातल्या एका सरांकडे जाऊन, सूक्ष्मदर्शकाखाली, पहिल्या यत्तेपासून. जुन्या सहकाऱ्यांनी व्हायचे ते सगळे विनोद करून घेतले. काही विनोद चांगलेही होते, ते बाईंनी स्वतःच घरी येऊन सांगितले.

अडचण विनोदांची नव्हतीच, अडचण बाईंच्या स्वभावाची होती. अपघात विभागात त्यांना 'वादळ' म्हणत, आणि ते कौतुकाने म्हणत. रक्त उसळत असताना विचार करत बसणारा सर्जन काय कामाचा? पण इथे धागा केसाहून बारीक, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही असा. सुई खाली पडली तर शोधायची नाही, गेली म्हणायचं. जी नळी जोडायची तिच्या आतलं भोक टाचणीच्या टोकाएवढं. पहिल्या महिन्यात सरांनी त्यांचा हात हळूच धरून ठेवला आणि म्हणाले, "बाई, तुमचा पेशंट मरत नाहीये. बसा." बसायला शिकण्यात बाईंचं एक वर्ष गेलं, शिवायला शिकण्यात दुसरं.

घरी सरावासाठी कोंबडीच्या तंगड्या यायच्या. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दिवा ओढून, भिंग लावून बाई त्यातली इवलीशी रक्तवाहिनी कापायच्या आणि परत जोडायच्या. मास्तर हातात पातेलं घेऊन शेजारी उभे. "झाली का पेशंट बरी? फोडणी करपतेय." सासूबाई आतून म्हणायच्या, या घरात कोंबडीसुद्धा शस्त्रक्रिया झाल्याशिवाय शिजत नाही, लोकांना सांगायची सोय नाही.

तर असा सगळा सराव करून बाईंनी एका लहानशा हॉस्पिटलच्या पहिल्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या आणि पाटी लावली. सोबत सिस्टर आल्या. त्यासुद्धा अपघात विभागातल्याच, बाईंच्या बरोबरीने उभं राहून केस पिकवलेल्या. "तुम्ही गेल्यावर तिथे माझ्यावर ओरडणार कोण?" एवढंच त्यांनी कारण दिलं.

पहिल्या काही दिवसांत चौकशीला आले ते बहुतेक 'मित्रासाठी' विचारणारे. एकाचा मित्र तर इतका लाजाळू होता की तो बिचारा स्वतःच्या पोटावर बोट ठेवून मित्राची जखम दाखवत होता. आणि मग एका सकाळी एक बस ड्रायव्हर आला. रुंद खांद्यांचा, पन्नाशीकडे झुकलेला, गणवेशाचा शर्ट इस्त्रीचा. मागोमाग त्याची अडतिशीची बायको, आणि तिच्या मागे कॉलेजात जाणारी मुलगी, जी एकटीच काय ती ताठ मानेने चालत होती.

"पेशंट कोण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मी," ड्रायव्हर म्हणाला, जणू चूक कबूल करतोय.

"ठीक आहे. नातेवाईकांनी बाहेर थांबा."

बावीस वर्षं बाईंनी हे वाक्य दिवसातून कितीदा म्हटलं असेल कोण जाणे. ते आता त्या म्हणत नसत, ते आपलं आपण निघत असे. सिस्टरही त्याच मुशीतल्या. त्यांनी तितक्याच सवयीने दार धरलं आणि दोघींना बाहेर घालवलं. मुलगी काहीतरी बोलायला गेली, पण आई म्हणाली, "चल गं चिऊ," आणि निघालीसुद्धा.

आत ड्रायव्हर खुर्चीच्या काठावर बसला. विचारलं तेवढंच सांगितलं. मुलगी झाली त्याच वर्षी ऑपरेशन करून घेतलं, एकोणीस वर्षं झाली. पहिली बायको मुलगी लहान असताना आजारात गेली. पुढे हिच्याशी लग्न झालं, त्याला तेरा वर्षं. ऑपरेशनचं लग्नाआधीच सांगितलं होतं, लपवाछपवी काही नाही.

"आणि आता मूल हवंय?"

"पोरीने डोक्यात घेतलंय."

"कुणी?"

"चिऊने. म्हणते, आईला हवंय. आता हिनं तर इतक्या वर्षांत एका शब्दाने कधी म्हटलं नाही. सुखात आहे ती, डॉक्टर. मी काही कमी पडू दिलेलं नाही." एवढं बोलून त्याने घड्याळाकडे पाहिलं. "पोरीची समजूत म्हणून आलो. बघू, विचार करतो." आणि तो उठला.

बाईंनी यशाची शक्यता, धोके, विश्रांती हे सगळं मोजून-मापून सांगितलं, आणि तो 'हो, हो' करत गेला. बाईंना वाटलं, बरी झाली पहिली भेट. नेमकी, मुद्द्याची, वेळेत संपलेली.

घरी मास्तर वह्या तपासत होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी लाल पेन खाली ठेवलं. "आणि बायको काय म्हणाली?"

"बायको? बाहेर होती."

"बाहेर का?"

"नातेवाईक होती ना..." बाई बोलता बोलता थांबल्या.

मास्तरांना आधी हसू फुटलं. मुलाच्या गोष्टीत बायको नातेवाईक, हे भूमितीतसुद्धा बसत नाही म्हणाले. मग बाईंचा चेहरा पाहून त्यांचं हसू जागच्या जागी विरलं. बाईंना जे आठवत होतं ते वेगळंच होतं. ड्रायव्हरची बायको किती चटकन बाहेर गेली होती, ते त्यांच्या आत्ता लक्षात येत होतं. बाहेर जा म्हटल्यावर माणूस क्षणभर तरी घुटमळतो. ती घुटमळली नव्हती. तिला त्याची सवय होती. बाईंना इतकी शरम वाटली की त्या रात्री पहिल्यांदाच सासूबाईंनी वाढलेलं सगळं मुकाट्याने बसून खाल्लं.

ड्रायव्हरची बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती, एवढं त्याच्या बोलण्यात आलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाई तिथे जाऊन उभ्या राहिल्या. कारण हवं म्हणून स्वतःचा सैल झालेला चष्मा पुढे केला. दुकान अरुंद होतं, दोन्ही भिंतींवर छतापर्यंत चष्म्यांच्या रांगा. तिने बाईंना ओळखलं, पण तसं दाखवलं नाही. चष्मा घेतला, दांड्या गरम वाळूत तापवल्या, वाकवल्या, बाईंच्या कानामागे बोटांनी चाचपून पुन्हा वाकवल्या.

"माझं चुकलं काल," बाई म्हणाल्या. त्यांना आडवळणाने काही सांगता यायचं नाही. "मी तुम्हाला बाहेर काढायला नको होतं."

"अहो, त्यात काय."

"त्यातच सगळं आहे. मी तुम्हाला विचारायला आलेय. तुम्हाला मूल हवंय का?"

चष्मेवालीने बाईंच्या नाकावर चष्मा बसवला, मागे सरून पाहिलं आणि पुन्हा काढून घेतला. "डावी बाजू अजून वर आहे," ती म्हणाली. बराच वेळ ती डाव्या बाजूशीच खटपट करत राहिली.

"मी हो म्हटलं होतं, डॉक्टर," शेवटी ती म्हणाली. "बघायला आले तेव्हाच यांनी सांगितलं होतं, असं असं आहे, पुढे मूल होणार नाही. मी म्हटलं, चालेल. सहा वर्षांची चिऊ यांच्या मांडीवर बसून माझ्याकडे टकामका बघत होती. तिला बघूनच हो म्हटलं मी. आणि खोटं नाही सांगत, पोरीने मला जीव लावला. महिन्याभरात आई म्हणायला लागली, कुणी न शिकवता. मग आता कुठल्या तोंडाने मागू? कबूल केलेलं ते केलेलं."

"मग चिऊला कसं कळलं?"

ती पहिल्यांदा हसली. "ती कार्टी आहे. मागे इथे एक बाळ आणलं होतं, मोतीबिंदू काढलेलं. एवढंसं." तिने हाताचा पंजा उघडून दाखवला. "त्याला चष्मा बसवायचा होता. बाळांच्या चष्म्याला दांड्या नसतात, मागून इलॅस्टिक असतं. मी लावला, आणि ते माझ्याकडे बघून हसलं. त्याला तोवर काही नीट दिसलेलंच नव्हतं ना. घरी गेले आणि तेच सांगत बसले. जेवताना तेच, भांडी आवरताना तेच. हे 'हं हं' करत बातम्या बघत होते. चिऊ मात्र माझ्याकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवसापासून तिने बापाचं डोकं खायला घेतलं."

चष्मा आता घट्ट बसला होता. बाईंना खरं तर तिचा हात धरावासा वाटला, पण मध्ये काउंटर होता आणि मागे गिऱ्हाईक उभं होतं. "दोघं या," त्या म्हणाल्या. "दोघं आत बसायचं. आणि मला सगळं बोललेलं हवंय. मला वेळ आहे." हे शेवटचं वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं असावं.

ती दोघं आली. या खेपेला सिस्टरने खुर्च्या स्वतः जवळजवळ मांडल्या आणि स्वतः बाहेर गेल्या. बराच वेळ कुणी बोलेना. बाईंच्या पायाला मुंग्या आल्या, जिभेवर प्रश्न आले, पण त्यांनी ते गिळले. सरांनी शिकवलेलं बसणं त्यांना नेमकं इथे उपयोगी पडेल हे सरांनाही ठाऊक नसेल.

शेवटी ड्रायव्हरच बोलला, तेही टेबलाकडे बघत. "चिऊच्या वेळी तिची आई मरता मरता वाचली. सगळं रक्त गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा दिवस गेले तर खात्री नाही. ती पांढरीफटक पडलेली, माझा हात धरून म्हणाली, मला पुन्हा या खोलीत आणू नका. मी म्हटलं, नाही आणणार. आणि पंधरवड्यात जाऊन ऑपरेशन करून घेतलं. मित्र हसले, भाऊ चिडला. मी म्हटलं, मी शब्द दिलाय." तो थांबला. "आता ते उसवायचं म्हणजे... मी शब्द मोडल्यासारखं होतं ना. ती नाहीये म्हणून मोडायचा का?"

बायको त्याच्याकडे बघतच राहिली. ऑपरेशनचं तिला माहीत होतं, शब्दाचं नव्हतं. तेरा वर्षांत ही गोष्ट त्याने तिला सांगितली नव्हती. सांगितली तर तिला वाईट वाटेल असं त्याला वाटायचं, आणि तो सांगत नाही म्हणजे त्याला आपल्याकडून मूल नकोच आहे असं तिला वाटायचं. एका घरात, एका ताटाशी बसून दोन माणसं एकमेकांना जपत होती आणि त्या जपण्यानेच दोघं एकेकटी पडली होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तुम्ही तिला पुन्हा त्या खोलीत नेलं नाहीत. ती गेली तोवर तुम्ही शब्द पाळलात. पुरा पाळलात. आणखी कुणी काय पाळायचं असतं?"

ड्रायव्हरने खिशातून रुमाल काढला. एवढा मोठा माणूस, दिवसभर रहदारीला शिव्या घालणारा, रुमालात तोंड घालून रडला. बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं, कारण त्यांचंही काही खरं नव्हतं.

मग कामाचं बोलणं झालं. बाईंनी काही हातचं राखलं नाही. नळी उघडली की वृषणाच्या बाजूने एक थेंब येतो. तो तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. थेंब पातळ असला, शुक्राणू दिसले, तर काम सोपं, टोकाला टोक जोडायचं. थेंब दाट, लगद्यासारखा आला तर समजायचं की इतक्या वर्षांच्या दाबाने आणखी मागे, नळीच्या बारीक गुंडाळीत कुठेतरी तुंबलंय. मग तिथपर्यंत जाऊन त्या गुंडाळीलाच जोड द्यावा लागतो. "ते फार अवघड आहे. मी सरांच्या नजरेखाली केलंय. एकटीने कधी नाही केलेलं. आणि एकोणीस वर्षं झालीत, तेव्हा थेंब दाट येण्याचीच शक्यता जास्त. सरांकडे जायचं असेल तर मी स्वतः त्यांना फोन करते."

ड्रायव्हरने बायकोकडे पाहिलं. बायको बाईंकडे बघत होती.

"तुम्ही माझ्या दुकानात आलात," ती म्हणाली. "तुम्हीच करा. फक्त घाई करू नका."

ऑपरेशनच्या दिवशी चिऊ बापाला धीर देत होती आणि बाप तिला. भूल देणारे डॉक्टर जुने ओळखीचे, मिस्कील आणि भुकेला हळवे. "बाई, वादळासारखं उरका, दुपारी मला मुलीकडे जेवायला जायचंय." बाई स्टूल खालीवर करून बसल्या, दोन्ही कोपर टेकवले, डोळे सूक्ष्मदर्शकाला लावले. तिथे एवढीशी जागा एका मोठ्या उजळ अंगणाएवढी होऊन समोर आली.

डावी बाजू उघडली. थेंब आला तो पिवळट, दाट. बाईंनी काचेवर घेतला, सिस्टरने काच दुसऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. बाईंनी पाहिलं. काही नाही. पुन्हा पाहिलं. नुसता लगदा. उजवी बाजू उघडली. तिथेही तेच.  होणार हे माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि काचेवर बघणं वेगळं.

भूल देणारे डॉक्टर मागून डोकावले. "काय म्हणतंय?"

"दोन्हीकडे मागे तुंबलंय."

"मग टोकाला टोक लावा आणि बंद करा. उद्या कुणाला कळणार आहे? पन्नास टक्के केसेस तशाही जमत नाहीत. ही काय आणीबाणी थोडीच आहे." ते दुष्टपणे बोलले नाहीत. अशी कामं होतात, आणि बहुतेकदा त्यांच्याबद्दल कुणी विचारतही नाही. टोकाला टोक जोडलं तर बाहेरून सगळं देखणं दिसलं असतं. ड्रायव्हर दुपारी शुद्धीवर आला असता, बायकोने आभार मानले असते, आणि पुढे कधीच काही झालं नसतं. दोघांनी त्याचा दोष नशिबाला किंवा वयाला दिला असता.

बाईंनी डोळे सूक्ष्मदर्शकावरून उचलले. हातातलं अवजार खाली ठेवलं. अपघात विभागात त्या कधी घाबरल्या नव्हत्या, कारण तिथे घाबरायला वेळच नव्हता. इथे वेळ होता, म्हणूनच भीती होती. त्यांना मनापासून वाटलं की सर इथे असते तर बरं झालं असतं.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "पाणी द्या. आणि या डॉक्टरांच्या मुलीला फोन करून सांगा, हे जेवायला येत नाहीत."

सिस्टरने मास्कच्या आत काहीतरी म्हटलं, ते हसणं असावं. भूल देणाऱ्यांनी कपाळाला हात लावला आणि खुर्ची ओढून घेतली. आणि बाई कामाला लागल्या. गुंडाळीचं आवरण उघडायचं, आत केसाहून जराशी जाड अशी एकच नळी वेटोळी करून बसलेली, तिच्यातलं एक फुगलेलं वेटोळं निवडायचं, त्याला हळूच छेद द्यायचा. पहिल्या वेटोळ्यातून काही आलं नाही. आणखी थोडं मागे गेल्या. तिथेही नाही. तिसऱ्या ठिकाणी एक धुरकट थेंब आला, आणि काचेवर शुक्राणू होते. निपचित, पण होते. बाईंनी 'आहेत' असं म्हटलं तेव्हा त्यांचा आवाज इतका बारीक आला की सिस्टरने पुन्हा विचारलं. मग टाके. एका टाक्याला जेवढा वेळ लागेल तेवढा. धागा दोनदा तुटला, दोनदा त्यांनी तो काढून पहिल्यापासून घातला. दुसऱ्या बाजूलाही हेच सगळं. संपलं तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवरून निघून गेलं होतं आणि बाईंना उठताना सिस्टरने काखेत हात घालून उठवलं.

बाहेर मायलेकी उभ्या होत्या. बाईंनी दोघींना आतल्या खोलीत नेलं आणि जसं झालं तसं सांगितलं. थेंब दाट होता, अवघड ते केलं, जमलंय असं वाटतं, पण जमलंय हे कळायला कित्येक महिने लागतील. चिऊने बाईंना मिठीच मारली. बाईंना असल्या गोष्टींची सवय नव्हती. त्या हात कुठे ठेवावेत हे न कळून तशाच उभ्या राहिल्या, आणि मग त्यांनीही पोरीला जवळ घेतलं.

ड्रायव्हर महिनाभर घरी बसला आणि त्याने घरच्यांच्या नाकी नऊ आणले. काही उचलू नको, स्टिअरिंगला हात लावू नको, म्हटल्यावर तो खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बसचे दोष काढायचा.

तीन महिन्यांनी पहिली तपासणी झाली. शून्य. बाई म्हणाल्या, लवकर आहे अजून. आणखी तीन महिन्यांनी पुन्हा शून्य. तेव्हाही त्या तेच म्हणाल्या, पण घरी आल्यावर बोलेनाशा झाल्या. दरम्यान दुसरे पेशंट आले होते, सोपी कामं, त्यातली दोन जमलीही होती. पाटीला दम आला होता. पण बाईंचा जीव या एकाच जोडात अडकला होता. एक दिवस त्या स्वयंपाकघरात तंगडीवर तोच जोड पुन्हा पुन्हा घालत बसल्या. मास्तरांनी पातेलं ठेवून दिलं आणि शेजारी बसले.

"तुला पुढचं कळायला हवं होतं ना?" ते म्हणाले. "हे पुढचंच आहे. ते नेहमी चांगलंच असतं असं कुणी म्हटलं होतं?"

"मी नाही केलं असतं तर बरं झालं असतं का?"

"ते मला नाही सांगता यायचं. पण तू ओरडायची कमी झालीस, आई काळजीत पडलीय." बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. मास्तरांनी टेबलावरचा दिवा बंद केला.

तिसऱ्या तपासणीला ड्रायव्हर सकाळीच येऊन नमुना देऊन गेला, त्याची ड्युटी होती. बाईंनी काच स्वतः लावली. आधी काही दिसलं नाही. काच थोडी सरकवली. आणि एका कडेला काहीतरी हललं.  एक. थोडं पुढे आणखी एक, मग तीन-चार एकत्र, शेपट्या हलवत, कुठेतरी निघालेले. फार नव्हते. पण जिवंत होते आणि आपल्या वाटेने आले होते.

त्यांनी चष्म्याच्या दुकानात फोन केला. ती धापा टाकत आली, ओढणी एका खांद्यावरून घसरलेली. बाईंनी तिला बसवलं आणि सांगितलं. तिने सूक्ष्मदर्शकाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी बघू?"

बाईंनी तिला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. तिचे हात भिंगांना सरावलेले, तिला फार दाखवावं लागलं नाही. ती कितीतरी वेळ बघत राहिली.

"एक फारच जोरात चाललंय," ती म्हणाली. "यांच्यावर नाही गेलं. हे कधी कुणाला ओव्हरटेक करत नाहीत."

बाई हसल्या. मग त्यांना वाटलं, आता खरं ते सांगायला हवं, आणि सांगायला त्यांचं मन धजेना. पण त्यांनी सांगितलं. संख्या कमी आहे. वाढेल कदाचित, नाहीही वाढणार. तिचंही वय चाळिशीला टेकलंय. त्या वचन देऊ शकत नाहीत. "मला तुम्हाला नुसती आशा लावायची नाहीये," त्या म्हणाल्या. "कदाचित एवढ्यावरच थांबेल हे."

चष्मेवालीने डोळे भिंगावरून उचलले. ते ओले होते, पण ती घाबरलेली नव्हती.

"डॉक्टर, एक सांगू? कुणाला बोलले नाही मी हे. चिऊलासुद्धा नाही." तिने ओढणी सावरली. "मी लग्न होऊन आले तेव्हा त्या घरात सगळं ठरून गेलेलं होतं. मूल व्हायचं नाही हेसुद्धा. ते यांनी पहिलीसाठी ठरवलं होतं, आणि बरोबरच केलं होतं. पण तेरा वर्षं मला जे झालं नाही ना, ते तिच्यासाठी झालं नाही. त्यात माझं काहीच नव्हतं. दुःखसुद्धा माझं नव्हतं, म्हणून मी करत नव्हते. आता यापुढे नाही झालं, तर ते आमच्या दोघांना नाही झालं. आमचं असेल ते. रडायचं तर दोघं मिळून रडू." ती थांबली. "झालं तर काय, सोन्याहून पिवळं. पण मला खरं तर एवढंच हवं होतं, आणि ते मला मिळालंय."

 डॉक्टरीणबाई मुलासाठी ऑपरेशनला बसल्या होत्या, मुलासाठी शून्यांना घाबरल्या होत्या. त्यांनी पुढे होऊन तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. या वेळी मध्ये काउंटर नव्हता.

"त्यांना कधी सांगणार?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"ड्युटी संपल्यावर. गाडी चालवताना सांगितलं तर प्रवाशांचं काही खरं नाही." तिने डोळे पुसले आणि पुन्हा काचेकडे पाहिलं. "मी अजून एकदा बघू का?"

बाईंनी खुर्ची तिच्याकडे सरकवली.